सिंहगडावरचं ताक आणि माझी दोन पाकळ्यांची झडप

वाटेवरचा_दगड

इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा, आणि तोही आजारपणाचा, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ४१, पुण्यात नोकरी, दर रविवारी सिंहगड. आतकरवाडीतून वर, गाडीरस्त्याने कधीच नाही. तिशीत ५० मिनिटांत पुणे दरवाजा गाठायचो. चारेक वर्षांपूर्वी मला वाटेत ताक प्यायची आवड लागली. खरं तर ताक मला फारसं आवडत नाही. आधी एका ठिकाणी थांबायचो, मग दोन ठिकाणी. दुसऱ्या टप्प्यावरच्या मावशी मला लांबून बघूनच ग्लास भरायला घ्यायच्या. पुढे फोटोंचा नाद लागला. माझ्या फोनमध्ये त्या वाटेवरच्या सरड्यांचे इतके फोटो आहेत की बायकोने विचारलं, तू पीएचडी करतोयस का? पन्नास मिनिटांचा दीड तास झाला, आणि मी मित्रांना सांगायचो, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही, डोंगर कसा बघत बघत चढावा."

मला दम लागत नव्हता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. दम लागायच्या आधीच मी थांबायला शिकलो होतो, एवढंच.

गेल्या वर्षी कंपनीची वार्षिक तपासणी होती. त्यात ट्रेडमिलवर पळवतात ती स्ट्रेस टेस्ट. ईसीजी झाला, छातीवर वायरी लावून झाल्या, मी बूट घालून तयार. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पट्टा चालू करण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो काढेचनात. उजवीकडे वर, मग मानेवर, मग परत छातीवर. संवाद असा झाला :

"जिने चढताना धाप लागते?"
"नाही."
"शेवटचे कधी चढलात?"
"लिफ्ट आहे ना."

त्यांनी मशीन बंद करायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आज पळायचं नाही. आधी इको करून या." तेव्हा मला राग आला होता, पॅकेजचे पैसे भरलेत आणि ही बाई टेस्टच करत नाही म्हणून. नंतर कळलं की झडप खूप अरुंद असेल आणि लक्षणं असतील, तर ट्रेडमिलवर पळवणं धोक्याचं असतं.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निघालं ते असं. हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात, मला जन्मापासून दोनच. त्याही चुना साचून कडक झालेल्या. उघडणारं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर. निरोगी माणसात ते ३ ते ४ असतं. रक्ताचा वेग सेकंदाला ४.६ मीटर. महाधमनी किंचित फुगलेली, ४.२ सेंटिमीटर.

घरी येऊन बायकोबरोबर हिशेब मांडत बसलो तेव्हा एकेक निघत गेलं. बॅडमिंटन सोडलं ते 'गुडघ्यामुळे'. जेवणानंतर भराभर चाललं की छातीच्या मधोमध आवळल्यासारखं व्हायचं, ती 'ॲसिडिटी'. त्यासाठी दोन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांनी ईसीजी काढला होता, तो ठीक होता, छाती ऐकली नव्हती. एकदा बसमागे धावलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, दांडा पकडला म्हणून वाचलो. त्या दिवशी संकष्टी होती, त्यामुळे उपासावर खापर फुटलं.

तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आता बरा आहे. धागा काढायचं कारण एवढंच, की तुमच्यापैकी कुणाला किंवा घरात कुणाला असं जन्मजात झडपेचं काही असेल, तर ते कशावरून कळलं ते लिहा. पुस्तकी लक्षणं नकोत, तुमच्याकडे काय झालं ते.

---

मिरजमसाला

बापरे. काळजी घ्या. सरड्यांचे फोटो टाका.

---

रानजाई

माझ्या लेकाचं लिहिते, आता तो सहा वर्षांचा आहे.

बाळंतपण नॉर्मल, वजन २ किलो ९००. चौथ्या दिवशी घरी आलो. तिसऱ्या आठवड्यापासून अंगावर प्यायला लागला की पाच-सात घोट घ्यायचा आणि सोडून द्यायचा. डोळे मिटायचा, झोपला असं वाटायचं, खाली ठेवला की रडायचा, कारण भूक असायचीच. पुन्हा पाच घोट. एक पाजणं पाऊण-पाऊण तास. आणि घाम. जानेवारी होता, आम्ही नाशिकला, मला स्वेटर आणि याचं टोपडं ओलं. कपाळावर थेंब उभे राहायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आळशी आहे, बापावर गेलाय." आई म्हणायची, "तुझं दूध कमी पडतंय." मी बसून शतावरी कल्प खात होते आणि रडत होते.

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा वजन ३ किलो २००. दीड महिन्यात फक्त ३०० ग्रॅम. डॉक्टरांनी लस बाजूला ठेवली आणि त्याला उघडा करून नुसतं बघत बसले, पोट आणि बरगड्या कशा हलतात ते. मिनिटाला श्वास मोजले, ७० च्या आसपास. मग मांडीच्या सांध्यातली नाडी बघितली. मग ऐकलं. त्याच दिवशी मुंबईला पाठवलं.

याचीही महाधमनीचीच झडप, पण फार अरुंद. मांडीतून बारीक नळी घालून फुग्याने उघडली. दुसऱ्या दिवशी त्याने एका दमात दूध संपवलं आणि झोपला, तर मी घाबरून नर्सला बोलावलं! इतका सलग पिताना त्याला मी कधी बघितलाच नव्हता.

झडप थोडी गळते, दर सहा महिन्यांनी इको असतो. पुढे कधीतरी ऑपरेशन लागेल असं सांगून ठेवलंय. आत्ता दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतोय.

---

कुंभार्ली_घाट

मी फिजिशियन आहे, हृदयाचा सर्जन नाही. खालचं सगळं माहिती म्हणून वाचा, इथे वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये.

रानजाईताईंनी जे लिहिलंय ते माझ्या विद्यार्थ्यांना जसंच्या तसं वाचून दाखवावं असं आहे. तान्ह्या बाळाला जिना नसतो. त्याची सगळ्यात मोठी मेहनत म्हणजे दूध ओढणं, त्यामुळे धाप तिथेच दिसते. पिताना घाम, थांबत थांबत पिणं, वजन न वाढणं, शांत झोपेतही भरभर श्वास, यातलं काही दिसलं तर 'दूध कमी' म्हणण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ओठ-जीभ निळसर दिसली तर वाट बघूच नका. झडप अतिशय अरुंद असेल तर पहिल्या काही दिवसांतच बाळ पांढरं पडतं, हातपाय गार पडतात. पोटात असताना उघडी असलेली एक रक्तवाहिनी जन्मानंतर बंद होते, आणि तोवर जे निभावत होतं ते एकाएकी निभावेनासं होतं.

आता मूळ धाग्याबद्दल. दोन पाकळ्यांची महाधमनी झडप हा जन्मजात हृदयदोषांत सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. शंभरात एक-दोघांना असतो, पुरुषांत जास्त. बहुतेकांत दोन पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या राहतात. लहानपणी ही झडप पुरेशी उघडते, म्हणून लक्षण काहीच नाही. पण दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडझाप होते, आणि तीन पाकळ्यांत वाटला जाणारा ताण दोघींवर येतो. त्या लवकर जाड होतात, चुना धरतात. तीन पाकळ्यांच्या झडपेत हे सत्तरीत होतं, इथे चाळिशी-पन्नाशीत.

अरुंद तोंडातून रक्त ढकलायचं म्हणून डाव्या कप्प्याचा स्नायू जाड होत जातो. तालमीत गेल्यासारखा, पण ही तालीम भल्याची नाही. जाड स्नायूला रक्त जास्त लागतं, म्हणून श्रमात छाती आवळते. अँजिओग्राफीत ब्लॉक नसतानाही. पुढे तो स्नायू ताठर होतो, मागे फुप्फुसांत दाब वाढतो, म्हणून धाप. आणि धावताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त जास्त मागतात, पण अरुंद झडप जास्त सोडूच शकत नाही. रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी. तुमची संकष्टी निर्दोष होती!

ही तीन लक्षणं दिसू लागली की वेळ थोडा असतो. रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोघांनी १९६८ मध्ये मांडलेलं गणित आम्ही अजून शिकवतो. शस्त्रक्रिया केली नाही तर छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊ लागल्यापासून तीन, हृदय कमजोर पडल्यापासून दोन. म्हणून रोग्याने "मला काही होत नाही" म्हटलं की मी विचारतो, "दोन वर्षांपूर्वी काय करायचात जे आता करत नाही?" आणि उत्तर बायकोकडे बघून ऐकतो.

---

हवाबाण

अर्जुनाची साल दुधात उकळून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकाचा व्हॉल्व्ह तीन महिन्यांत उघडला. ऑपरेशनचा बाजार झालाय सगळा.

---

कुंभार्ली_घाट

हवाबाण, दोन पाकळ्यांच्या तीन होत नाहीत हो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी हे कडक होणं थांबतं का याचेही मोठे अभ्यास झाले, थांबत नाही असंच निघालं. म्हणजे आमच्या औषधांनाही इथे मान नाही. तुमच्या ओळखीतल्यांचे आधीचे आणि नंतरचे इको असतील तर जरूर टाका.

---

हवाबाण

रिपोर्ट त्यांच्याकडे आहेत. विचारून सांगतो.

---

ऐतवडेकर

प्रश्न. माझ्या वडिलांचाही व्हॉल्व्ह गेला होता, पण त्यांना लहानपणी सांधे सुजून ताप आला होता म्हणे. ते हेच का?

---

कुंभार्ली_घाट

नाही, ते संधिवाताच्या तापाने झालेलं. घशाच्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उठते. बहुधा डावीकडची दोन कप्प्यांमधली, मायट्रल झडप आधी जाते. ते जन्मजात नाही, आणि आपल्याकडे अजूनही बरंच आहे. म्हणून मुलांचा घसा वारंवार सुजून ताप येत असेल तर औषध अर्धवट सोडू नका. ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात ते पुन्हा होऊ नये म्हणून. दोन पाकळ्यांवाल्यांना ते लागत नाही.

---

टिकटिक२००३

मी वरच्या दुसऱ्या गटातला, संधिवाताचा ताप. तरी लिहितो, कारण धागाकर्त्याला पुढे उपयोग होईल.

माझी झडप चित्रा. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनवलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली. धातूच्या कड्यात एक तिरपी होणारी चकती, बाकी काही नाही. मला २००३ मध्ये बसवली, चकती अजून ठणठणीत, बाकीचा मी जरा झिजलोय. परदेशी झडपेपेक्षा पुष्कळ स्वस्तात झालं, नाहीतर लातूरला आमचं एक एकर गेलं असतं.

टिकटिक हे नाव उगाच नाही. रात्री लाइट गेली, पंखा बंद पडला की आवाज येतो. ऑपरेशननंतर घरी आलो त्या पहिल्या रात्री बायकोने उशीखाली घड्याळ शोधलं होतं. नातू छातीला कान लावून "आबा, चालू आहे" म्हणून सांगतो.

रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, दर महिन्याला. पालेभाजीबद्दल लोक भलतंच सांगतात, मेथी-पालक कायमचं बंद वगैरे. बंद नाही, एकसारखं ठेवायचं. मी श्रावणात एकदम रोज अळू, रोज पालक सुरू केलं आणि आयएनआर खाली गेला, गोळी वाढवावी लागली. श्रावण संपला, भाजी थांबली, गोळी तीच राहिली, आणि दाढी करताना कापलेलं तासभर थांबेना. गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, दुकानदाराने दिल्या तरी.

---

वाटेवरचा_दगड

टिकटिककाका, 🙏. मलाही धातूचीच बसवली, वय पन्नाशीच्या आत म्हणून. जनावराच्या ऊतीची बसवली तर गोळी टळते, पण दहा-पंधरा वर्षांत ती थकते आणि पुन्हा उघडा. बाथरूममध्ये आवाज घुमतो, पहिले दोन आठवडे मी नळ गळतोय म्हणून बघत होतो.

---

पाचगल्ली

अवांतर : अरनॉल्ड श्वार्झनेगरलाही जन्मापासून दोन पाकळ्यांचीच होती. १९९७ मध्ये ऑपरेशन झालं. एवढं शरीर कमावलं आणि आत हे. आणि लिओनार्दो द विंचीने पाचशे वर्षांपूर्वी काढलेल्या हृदयाच्या चित्रांत दोन पाकळ्यांची झडपही आहे.

---

गुरुजी_भुदरगड

जि. प. शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत दोनदा. पालकांना वाटतं वजन-उंची मापून जातात. मागे चौथीतल्या एका मुलीच्या छातीत आवाज ऐकून त्यांनी पुढे पाठवलं. ती पळायच्या खेळात नेहमी पंच व्हायची. आम्ही म्हणायचो, पोरगी शांत आहे, न्यायी आहे. फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद निघाली. फुग्याने झालं, सरकारी योजनेत, पैसे लागले नाहीत.

परवा खो-खोत तिने पंचाशीच भांडण काढलं.

---

रानजाई

गुरुजी 😄

---

सौ_निरंजना

माझ्या मुलीच्या छातीतही आवाज आहे असं शाळेच्या तपासणीत लिहून आलंय. वय ५. खेळते, खाते, सगळं छान. हा धागा वाचून रात्रभर झोप नाही.

---

कुंभार्ली_घाट

ताई, आवाज म्हणजे दोष नव्हे. पुष्कळ निरोगी मुलांत, विशेषतः ताप असताना, असा निरुपद्रवी आवाज येतो आणि मोठेपणी जातो. कोणता कसला हे कानाला बऱ्यापैकी कळतं, शंका असेल तर इको करतात. इकोत सुई नाही, दुखणं नाही, किरणोत्सर्ग नाही. एकदा करून घ्या आणि झोपा.

---

ओहायोकर

इथे अमेरिकेत माझ्या नवऱ्याला निघालं तेव्हा कार्डिओलॉजिस्टने पहिला प्रश्न केला, भावंडं किती, मुलं किती. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला असू शकतं म्हणे. आमच्या दोन्ही मुलांचे इको झाले, धाकट्याला आहे. लक्षण शून्य, झडप उत्तम चालते. पण तो शाळेत वजनं उचलायचा, त्यावर मर्यादा घातली. धमनीची भिंतही नाजूक असू शकते म्हणून माप घेत राहतात. छातीत-पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं तर थेट इमर्जन्सीत जायचं, हे त्याला पाठ करून ठेवलंय. धागाकर्ते, तुमच्या घरच्यांचे इको झाले का?

---

कुंभार्ली_घाट

ओहायोकर, +१. महाधमनी साडेपाच सेंटिमीटरला पोचली की झडप ठीक असली तरी तिची शस्त्रक्रिया करतात, काही जणांत पाचलाच. आणि अजून एक, जे कुणाला लक्षण वाटत नाही : बारीक ताप. दोन पाकळ्यांवर जंतू बसू शकतात. आठवडाभर कसकस, भूक नाही, वजन उतरतंय, तर मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका, आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी. दात-हिरड्या स्वच्छ ठेवा. धागाकर्त्यांसारखी कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगायचंच, अँटिबायोटिकचा डोस आधी घ्यावा लागतो.

---

मिरजमसाला

हवाबाण रिपोर्ट आणायला गेलेत ते अजून आले नाहीत. झडप बंद पडली वाटतं.

---

वाटेवरचा_दगड

ओहायोकर, लेकीचा झाला, तीन पाकळ्या आहेत. मोजून घेतल्या.

दादाचं अडलंय. तो चिपळूणला असतो. "मला काही होत नाही" हे त्याचंही. शेवटी काल आईला फोनवर विचारलं, बाबांना कधी काही त्रास होता का? बाबा ५८ व्या वर्षी गेले, अचानक. अटॅक म्हणाले, तपासणी वगैरे कोण करतंय तेव्हा.

आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. बाबा म्हणजे बिल्डिंगमधला सगळ्यात गप्पिष्ट माणूस. ऑफिसमधून आले की पहिल्या मजल्यावर एका काकांशी क्रिकेट, दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून एका काकूंना मटारचा भाव विचारणं. वर यायला वीस मिनिटं. आम्ही भावंडं खिडकीतून त्यांना फाटकात बघायचो आणि अभ्यासाला बसायला भरपूर वेळ मिळायचा. त्यांच्या तेराव्याला सगळे शेजारी हेच सांगत होते, किती बोलायचे हो.

आई फोनवर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जिन्यातच बोलायचे. घरात आले की तासभर शब्द नाही."

बाबांना नेमकं काय होतं ते आता कळणार नाही. हे दादाला तसंच्या तसं सांगितलं. शनिवारी ११ वाजता त्याचा इको आहे.

---

रानजाई

दादा कितव्या मजल्यावर राहतात?

---

वाटेवरचा_दगड

दुसऱ्या. लिफ्ट नाही. वहिनी म्हणतात, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांशी हल्ली फार मैत्री जमलीये.